किल्लीची गाडी की विजेची

४ सप्टेंबर १९५७

आज पुन्हा रुळांत जाऊन उभे होते. अनवाणी! मी भाकरी थापत होते. वळून बघते तर खाट रिकामी आणि पुढचं दार सताड उघडं. पिठाच्या हातांनीच धावले. रुळांच्या मधोमध उभे, सिग्नलकडे तोंड. हाताला धरून आणलं तर मुकाट्यानं आले, शब्द नाही.

आमच्या क्वार्टरचं अंगण संपलं की रूळ. लग्न होऊन आले तेव्हा केवढी ऐट वाटायची — असिस्टंट स्टेशन मास्तरांची बायको! आता वाटतं, जिथं गाडीची शिट्टीसुद्धा पोचत नाही अशा कुठल्या तरी खेड्यात बिऱ्हाड करावं.

आजपासून कडीला कुलूप. किल्ली माझ्या कनवटीला.

७ सप्टेंबर

मोठे मास्तर लक्ष्मणराव येऊन गेले. ओट्यावरूनच बोलले. "वहिनी, दहा ऑक्टोबरला पुण्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढे हजर व्हायचंय. तिथं नापास झाले तर माझ्या हातात काही राहणार नाही. नोकरी जाईल." त्यांचा तरी काय दोष? श्रावणापासून यांची पाळी तेच ओढताहेत.

श्रावणात झालं ते असं. मालगाडी स्टेशनात येऊन उभी राहिली होती. मागून पॅसेंजर येत होती, तिला बाहेर रोखायचं होतं. पण मालगाडीसाठी पाडलेला सिग्नल परत वर जाईना. पावसात वाहून आलेली बाभळीची फांदी तारेत अडकलेली! सिग्नल पडलेला म्हणजे ड्रायव्हरला वाटणार, रस्ता मोकळा आहे. हे लाल निशाण घेऊन रुळांतून धावत सुटले. गाडी थांबली. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला जवळजवळ टेकलीच होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशीत यांना निर्दोष ठरवलं, वर शाबासकी दिली.

"काही झालं नाही ना? मग?" जो येतो तो हेच म्हणतो. मीही म्हणते. आणि हे स्टेशनवरची घंटा वाजली की उठून उभे राहतात, गाडी जाईपर्यंत कानांवर हात दाबतात, मग भिंतीकडे तोंड करून बसतात.

क्वार्टर गेलं तर जाऊ दे. पण हे असेच राहिले तर? किंवा एखाद दिवशी मला कुलूप घालायचा विसर पडला तर? पुढचं लिहवत नाही.

११ सप्टेंबर

शिवणाच्या दोऱ्याची रिळं आणायला पिंपरी कॅम्पात गेले होते. सोजराबाईला घरी बसवून गेले. फाटकवाल्याची बायको, आवाज फाटकापासून कॅम्पापर्यंत जाईल असा, पण जिवाला जीव देणारी.

हासोमल शेटच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांमागे दोन खोकी दिसली. देहूरोडचा कोणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना घरातलं सामान विकून गेला, त्यातली. झाकण उघडून दाखवलं — आगगाडी! इंजिन, डबे, रूळ, सगळं खेळण्याएवढं. मी खुळ्यासारखी बघतच राहिले. पोराला कुत्र्याची भीती बसली की आधी हातात पिल्लू देतात. मग गाडीची भीती बसलेल्या माणसाला?

१२ सप्टेंबर

नवऱ्याला खेळणं आणणार! लोक म्हणतील, दोघंही गेली कामातून.

१४ सप्टेंबर

आणली. आणताना जो गोंधळ घातला तो मलाच ठाऊक. गाडीतून फिरणं निराळं, गाडी विकत घेणं निराळं. लुगडं घ्यायचं असतं तर पदर, काठ, पोत बघितला असता. गाडीचं काय बघायचं?

दोन्ही खोकी हासोमल शेटनं गादीवर मांडली. एक मोठं — हिरवं पत्र्याचं इंजिन, चांगलं हातभर गाडी, पोटात किल्ली भरायची की पळते. दुसरं लहान — काळं, नाजूक इंजिन, सवारीचे आणि मालगाडीचे डबे, दोनाऐवजी तीन तीन रूळ, वायरी, एक डबी आणि डबीला फिरवायचा खटका. "बहेनजी, ये बिजलीवाली है. वो चाबीवाली. तुम्हाला कोणती पाहिजे?" मला काय कळतंय! विचारलं, चांगली कोणती? म्हणाले, "दोन्ही चांगली." दुकानदार आणखी काय सांगणार?

माझं गणित सोपं होतं. रुळांवरच्या तारांत वीज, पण आमच्या घरात कंदील. म्हणजे विजेची बाद. शिवाय विजेची मला धास्तीच. आणि मोठी गाडी दणकट दिसत होती, लहान पोरानं आपटली तरी मोडायची नाही अशी. तांब्याचा बंब देऊन किल्लीची घेतली. तिला थांबवायचं कसं हे विचारायचं सुचलंच नाही! एवढं रामायण झालेलं असून सुचलं नाही.

वाटेत सोजराबाई भेटली. खोकं बघून कपाळाला हात. "अवो मास्तरीणबाई, पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू घेत्यात व्हय?" मी म्हटलं, नवी कुठंय, साहेबाची जुनीच आहे. "पितरास्नी काय ठावं कुनाची जुनी त्ये?"

१५ सप्टेंबर

माझी जीभ झडो, हात झडोत.

सकाळी न्याहारीनंतर फरशीवर रूळ जोडले. गोल झाला. हे खाटेवरून बघत होते. बघत होते! मला केवढी आशा वाटली. किल्ली भरली, इंजिन ठेवलं आणि सोडलं.

सुटली ती सुटलीच. केवढा तो खडखडाट! हळू नाही, बेतानं नाही, एकदम भरधाव. हे उठून उभे. "थांबव." महिन्यात पहिला शब्द बोलले आणि तो हा! मला थांबवता येईना. कळ आहे म्हणे, पण ती इंजिनावरच, म्हणजे धावत्या गाडीला हात घालायचा. "थांबव! थांबव!" मी हात घातला, बोट चिमटलं, इंजिन रुळांवरून उडालं आणि पाटावर जाऊन आदळलं. आडवं पडूनही चाकं घरघरतच होती.

हे मोरीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

१६ सप्टेंबर

जेवले नाहीत. पाणीसुद्धा मी धरलं तेव्हा घोटभर.

१८ सप्टेंबर

सोजराबाई आली. खापर पितरांवरच फोडलं. "तरी म्या म्हनत हुते." मग हळूच म्हणाली, आळंदीला एक बाबा हाय, उतारा देतो, भूतबाधा असंल तर निगंल. मी म्हटलं, भूत कुणाचं? मेलं कोण? कुणी मेलंच नाही ना!

आज यांनी थोडी खीर खाल्ली. पण माझ्याकडे बघतात ते मी परत काही तरी सोडणार आहे अशा नजरेनं. माझीच त्यांना भीती वाटायला लागली तर मी कुठं जाऊ?

२० सप्टेंबर

रात्रंदिवस एकच विचार. ते ओरडले "थांबव". गाडी नको म्हणाले नाहीत. नेऊन टाक म्हणाले नाहीत. थांबव म्हणाले.

मग थांबवता येणारी घ्यायला हवी होती. एवढी साधी गोष्ट! पण परत धाडस केलं आणि परत फसलं तर? बोर्डाला तीन आठवडेसुद्धा नाहीत.

२४ सप्टेंबर, घटस्थापना

पितर गेले, घट बसले. सोजराबाईची परवानगी मिळाली. किल्लीची गाडी बदलून विजेची घ्यायची म्हणून ती खोक्यात घालून परत हासोमल शेटच्या गादीवर. या खेपेस मी उलटतपासणीच घेतली. थांबते का? कुठून थांबते? हात न लावता? लगेच की पुढं जाऊन? शेट हसले. "बहेनजी, तुम्ही तर रेल्वेचे इन्स्पेक्टर झाले." खटका फिरवला की हळू, आणखी फिरवला की जोरात, मागं आणला की जागच्या जागी उभी. "छोड दो तो भी खडी." हे ऐकून मला तिथंच रडू यायचं बाकी राहिलं.

पण वीज? त्यावर शेट म्हणाले, मोटारीची बॅटरी चालते, साहेबही तसंच चालवायचा. भावाच्या लॉरीची जुनी बॅटरी दिली, भरून. उतरली की परत पाठवा म्हणाले. फाटकवाल्यानं हातगाडीवर घातली. वाटभर मी चार हात लांब चालले. तेजाब सांडलं तर लुगड्याला भोकं पडतात, अंगाचं काय होईल!

आता शॉक बसून मी मेले तर यांना जेवायला कोण घालणार, ही नवी काळजी.

२५ सप्टेंबर

जोडली. वायर लावताना डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. शॉक बसला नाही. हे भिंतीकडे तोंड करून.

२६ सप्टेंबर

चालवली. इतकी हळू की मुंगी पुढं जाईल. आवाज शिवणयंत्रासारखा बारीक. मोठ्यानं बोलत राहिले, म्हणजे भिंतीला ऐकू जावं — "आता थांबवते हं. थांबली. आता सोडते. परत थांबवली." दुपारभर हेच. वेडी कोण हे बाहेरून बघणाऱ्यानं ठरवावं.

२८ सप्टेंबर

बोलले!

मी गाडी सोडली आणि मागून आवाज — "सिग्नल न देता सोडलीस?" वळून बघायचं धाडस होईना. म्हटलं, सिग्नल कुठाय? जरा वेळानं, "पळी उभी कर." मी पळी आणून भिंतीला टेकवली. "आडवी म्हणजे बंद. खाली म्हणजे मोकळा." मी म्हटलं, बरं. पळी खाली केली, गाडी सोडली. "आता वर कर लगेच. गाडी गेली की वर करायचा. विसरायचं नाही."

चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

३० सप्टेंबर

खटका हातात घेतला. मी पळी सांभाळते, हे गाडी. मी चुकले की चिडतात. चिडू देत! मी मुद्दामसुद्धा चुकते. आज घंटा वाजली तेव्हा उठून उभे राहिले, पण कानांवर हात नेले नाहीत, कारण हातात खटका होता.

मला बरं वाटतंय हे लिहायचीसुद्धा भीती वाटते. दृष्ट लागते.

२ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. विळी, कोयता, शिवणयंत्र, यांचा स्टेशनचा कंदील, लाल-हिरवी निशाणं. आणि ज्यानं मला माझा माणूस परत दिला ते इंजिन राहून कसं चालेल? पाटावर रुळांसकट मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल चिमणीत खोचलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. मनोभावे केलं सगळं.

३ ऑक्टोबर, दसरा

गाडी मेली.

सोनं वाटून झालं, हे हौसेनं बसले, खटका फिरवला — ढिम्म. परत फिरवला. नारळाचं पाणी रुळांवर सुकून चिकट, कुंकू चाकांत, हळद कुठं कुठं गेलीय देव जाणे. यांनी खटका खाली ठेवला आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

मीच केलं. हातानं केलं. पूजा करून मारली! बोर्डाला आठवडा राहिलाय आणि मी यांना होते तिथं नेऊन बसवलं. लक्ष्मणरावांकडे सोनं द्यायला जायचं होतं, गेले नाही. त्यांनी विचारलं असतं, कसे आहेत.

४ ऑक्टोबर

लक्ष्मणरावच आले. आपट्याची पानं यांच्या हातावर ठेवली. पाटावरचं इंजिन बघितलं, कुंकू बघितलं आणि जे हसायला लागले! "मारुतराव, अहो आपल्या ऑफिसातल्या घंटेलाही मागच्या साली असंच झालं होतं. तुम्हीच दोन तास घासत बसला होतात, आठवतंय का?"

ते गेल्यावर यांनी रॉकेल मागितलं. चिंधी मागितली. दाभण मागितलं.

५ ऑक्टोबर

दिवसभर घासताहेत. चाकं वेगळी करून ताटलीत ठेवलीत. एक जरी हरवलं तर? मी आज घरात केरसुणीच फिरवली नाही.

६ ऑक्टोबर

चालली! स्वतः चालू केली. म्हणाले, "पुढच्या साली हिला नुसता नमस्कार कर."

८ ऑक्टोबर

लक्ष्मणराव बघून गेले. खूश! यांनी मालगाडीचे डबे रुळावर उभे केले, इंजिनाला सवारीचे डबे लावून मागून आणले आणि बोटभर अंतरावर थांबवले. "हात बघा किती स्थिर! बोर्डाची काळजी सोडा, वहिनी."

ते गेल्यावर मी भाजी निवडत बसले. हे परत तेच. मालगाडी उभी, पॅसेंजर मागून, बोटभरावर थांबवली. परत मागं नेली. परत आणली. परत थांबवली. जेवायला बोलावलं तरी एकदा अजून. कपाळावर घाम. हे खेळणं नाही. आता आठवलं तर परवा गाडी चालू झाल्यापासून दुसरं काही करतच नाहीत. श्रावणातली ती गाडी अजून येतेच आहे आणि हे अजून थांबवताहेत.

मला वाटलं होतं बरे होताहेत.

१० ऑक्टोबर

हे पुण्याला जाऊन आले. लक्ष्मणरावांनी स्वतः मोटारीनं नेलं, गाडीनं नाही. डॉक्टरांनी हात पुढं करायला लावले, डोळे बघितले, प्रश्न विचारले. पास! सोजराबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

सगळे आनंदात. मीच एक भागूबाई, कोपऱ्यात बसून घाबरतेय. डॉक्टरांनी हात बघितले. रुळांवरचा तो खेळ कुणी बघितला?

१२ ऑक्टोबर

आजही तेच. मी म्हटलं, आता पुरे ना. म्हणाले, "एकदाच." मग आणखी एकदाच.

१४ ऑक्टोबर

ड्यूटीचा पहिला दिवस. कोट इस्त्रीचा, टोपी, जेवण बांधून दिलं. दारात उभी राहून बघत होते. हे फलाटावर चढले. ऑफिसच्या दारापर्यंत गेले. आतून गाडीची वर्दी देणाऱ्या यंत्राची घंटा वाजली असावी. तिथंच उभे राहिले. पोर्टरनं नमस्कार केला, घेतला नाही. मग वळले आणि परत आले. बांधून दिलेली भाकरी तशीच. कोट काढला, घडी घातली, भिंतीकडे तोंड.

दाराला परत कुलूप. ते लावताना मला कडीच सापडेना.

१५ ऑक्टोबर

लक्ष्मणराव सकाळी आले. आज हसले नाहीत. कालची ड्यूटी त्यांनी झाकून घेतली. "वहिनी, उद्या सकाळी आठला आले नाहीत तर मला वर कळवावं लागेल. मग मात्र पुन्हा बोर्ड नाही." हे आत ऐकत होते. मी हो म्हटलं.

यांच्यापाशी जाऊन बसले. म्हटलं, नसेल जायचं तर नका जाऊ, आपण कुठंही राहू, मी शिवण करीन. मग बोलले. "मी गाडी थांबवली असं सगळे म्हणतात. मला खात्री नाही. डोळे मिटले की ती थांबत नाही." एवढंच. मी त्यांचा हात धरून बसले.

उद्या आठला काय होईल?

१६ ऑक्टोबर

उजाडताच हाक मारली. "ये, बस." रूळ मांडलेले, मालगाडी उभी. खटका माझ्या हातात दिला. "सोड. आणि थांबवू नकोस." मी म्हटलं, नको हो! म्हणाले, "माझ्यानं होत नाही. हात आपोआप मागं येतो. तू कर."

मी सोडली. थांबवली नाही. धाडकन आदळली! डबे फरशीभर. मी डोळे घट्ट मिटलेले. उघडले तर हे रडत होते. पोटातून, मोठ्यानं, श्रावणापासूनचं सगळं. "लागली," म्हणाले. "लागली गं." मी म्हटलं, हो, लागली.

मग उठले, तोंड धुतलं, कोट चढवला. "भाकरी बांध. आठची ड्यूटी आहे, उशीर होतोय." आठची! मी पीठसुद्धा घेतलं नव्हतं. काय घाबरले! चूल पेटेना, तवा तापेना आणि हे दारात उभे राहून "आटप, आटप" करताहेत. शेवटी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली भाकरी फडक्यात बांधून दिली. तीच घेऊन गेले.